बोटांनी ओळखायचे आटे

“जुना आनला का?”

गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच भाभीचा तळहात काउंटरवर उघडा पडलेला असे. या नाही, बसा नाही. ग्रीसचा निप्पल हवा असेल तर आधी मोडका निप्पल त्या तळहातावर ठेवायचा, मग तोंड उघडायचं. मी आता गोंदियाला मुलाकडे राहतो, पण तेव्हा तिरोड्यात आमची दुकानं समोरासमोर होती. माझं बियाण्यांचं. तिचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, ट्रॅक्टर-थ्रेशरच्या सुट्या भागांचं. माझ्याकडे गिऱ्हाईक नसलं की मी तिच्या काउंटरकडे बघत बसे, आणि बियाण्यांच्या धंद्यात असे महिने बरेच असतात.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. निप्पल म्हणजे बोटाच्या पेराहून लहान अशी एक घुंडी. ती यंत्राच्या भोकात आट्यांनी फिरवून बसवतात. तिच्या तोंडाला पंप लावून दाबला की ग्रीस आत बेअरिंगपर्यंत पोचतं. ती बुजली किंवा मोडली की ग्रीस बंद, आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळतं. मग एवढ्याशा घुंडीपायी अख्खा ट्रॅक्टर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभा राहतो.

आमचे लोक जुना निप्पल चिखलात फेकून येत आणि करंगळी दाखवत. “भाभी, येवढा.”

“करंगळीले आटे हायेत का?”

कोणी मोबाईलवर फोटो काढून आणी. ती तो बोटांनी मोठा करून नीट बघे आणि फोन परत देई. “फोटो भोकात जाते का? जुना आन.”

माणसं चिडत, बडबडत, पण जाऊन चिखल चाचपत. कारण तिचं खरं होतं. एक माप इंचातलं, दुसरं मिलिमीटरचं, आणि दिसायला दोघं जुळे भाऊ. चुकीचा निप्पलसुद्धा पहिले एक-दोन फेरे गुमान जातो, मग अडतो. आपला माणूस अडल्यावर थांबणारा नाही. तो पाना लावतो आणि भोकाचे आटेच खाऊन टाकतो.

हे सगळं तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. ती त्यांना मामाजी म्हणे. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली तेव्हा पुण्याच्या कारखान्यात असलेला तिचा नवरा म्हणाला, थोडे दिवस दुकान सांभाळ, मग तुला इकडे नेतो. ते थोडे दिवस काही संपेनात. पुण्याच्या खोलीचा फोटो तिच्या मोबाईलवर होता. तो तिने मला कितीदा तरी दाखवला असेल.

“दोन बर्नरची शेगडी घेतली म्हनते. अन् करते काय, तर चहा.”

बोलताना ती हसे, पण फोटोवरून बोट काढत नसे.

ती घराबाहेर पडायचीच नाही असं नाही. एका रविवारी मामाजींना शेजारणीवर सोपवून, डबा बांधून ती बोदलकशाचा तलाव बघायला निघाली. इतकी वर्षं तिरोड्यात राहून तिने तो पाहिला नव्हता. ऑटो गावाबाहेर निघतो न निघतो तोच एकाने मोटरसायकल आडवी घातली आणि खिशातून निप्पल काढून धरला. तिने ऑटोत बसल्या बसल्या तो फिरवून पाहिला, सुस्कारा टाकला आणि खाली उतरली. डबा आम्ही तिच्या दुकानात बसून खाल्ला. मी चेष्टा केली तर म्हणाली, “थ्रेशर उभा होता ना त्याचा.”

त्यानंतर मात्र तिने मनावर घेतलं. लेथवाल्याकडून एक जाड लोखंडी पट्टी करून आणली. ओळीने भोकं, प्रत्येकाचे आटे वेगळे, आणि प्रत्येक भोकाखाली त्याच मापाच्या नव्या निप्पलांचा डबा. मामाजींनी जुना निप्पल एकेका भोकात फिरवून बघायचा. ज्यात तो कुठेही न अडता पूर्ण बसेल, त्याच्याच खालच्या डब्यात हात घालायचा. डोळ्यांचं कामच नाही. पट्टी बघून मला वाटलं, बाई सुटली.

मामाजी पट्टीपाशी बसू लागले. ती मागे उभी राहून फक्त बघायची. एकही निप्पल चुकला नाही. दिवाळीनंतर जायचं ठरलं. तिने बॅगसुद्धा भरली.

आणि मग धानाची मळणी ऐन भरात असताना एक शेतकरी दोन निप्पल घेऊन आला. एक जुना, एक मामाजींनी दिलेला नवा. नवा अडला तसा त्याने पाना लावला होता. थ्रेशरच्या भोकाचे आटे गेले होते आणि काम बंद पडलं होतं. भाभीने दोन्ही पट्टीवर लावून पाहिले. मापं वेगळी निघाली. तिने त्याची माफी मागितली, आटे पुन्हा पाडून घ्यायला लेथवाल्याकडे पाठवलं, लेथवाल्याला फोनही केला.

मी तेव्हा चहा घेऊन तिथेच टेकलो होतो.

शेतकरी गेल्यावर तिने तो जुना निप्पल मामाजींच्या हातात दिला. “लावून पाहा.”

मामाजींनी तो बोटांत एकदाच फिरवला. हात सरळ पट्टीच्या मधल्या भोकावर गेला. ना अलीकडे चाचपणं, ना पलीकडे. निप्पल अलगद फिरत शेवटपर्यंत बसला.

भाभीने वाकून निप्पल पूर्ण बसला का ते पाहिलं. मग म्हणाली, “मंग तवा काऊन दुसरा देल्ला?”

मामाजींनी तोंड फिरवलं. “तू आता सोडून जाऊन राहिली.”

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्याचा फार कळवळाही आला. हे दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा होता. तिकिटं काढतो म्हणत असावा, कारण ती लगेच म्हणाली, “नका काढू.”

मग थोडं थांबून, “मामाजीच्या बोटाले आता आटे समजत नाही. आजबी चुकले. मले थांबा लागते.”

पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

“दाखवलं ना डॉक्टरले. उपाय नाही म्हनते.”

मामाजी सगळं ऐकत होते. ते पट्टीतला निप्पल काढायला बघत होते, पण बोटं त्याच्यावरून नुसती घसरत होती. भाभीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, त्यांची बोटं हलकेच बाजूला केली आणि निप्पल उलटा फिरवत राहिली. “हो,” ती फोनमध्ये म्हणाली, “शेगडी झाकून ठेवा. धूळ बसते.”