श्रीरामकाकांची न पटल्याची वही

महिन्यापूर्वी डोणगावहून पोस्टकार्ड आलं. श्रीरामकाकांच्या पुतण्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या : "काका सोमवारी गेले. तुमच्याकडं वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं आहे." मी बुलढाण्याच्या घरी रेडिओवर बातम्या ऐकत बसलो होतो... रेडिओ बंद केला. पुस्तक कुठं ठेवलंय तेही आठवेना, याची लाज वाटली.

काका निवृत्त शिक्षक. देवळामागच्या खोलीत त्यांनी एक कपाट मांडलं आणि गावाला त्याला वाचनालय म्हणायला शिकवलं. वर्गणी नव्हती, पण जाच होता. पुस्तक परत करताना त्यातली न पटलेली एक तरी गोष्ट सांगायची. ती काका वहीत नावापुढं लिहून घेत, मगच दुसरं पुस्तक. "सारंच पटलं" म्हटलं की तेच पुस्तक पुन्हा हातात. "काऊन बे, लिहिणाऱ्यानंच इचार करायचा अन् तू निस्ती मान हालवायची?" एका रहस्यकथेच्या वेळी मी "खुनी फार लवकर ओळखू आला" एवढ्यावर सुटलो होतो.

मग ग्रामपंचायतीत रेडिओ आला. संध्याकाळी सारं गाव त्याच्यापुढं. ऐकायला कष्ट नव्हते आणि नंतर कुणी काही विचारतही नव्हतं. महिनाभरात गावाचं प्रत्येक गोष्टीवर एकच मत झालं. मीही तिकडंच बसू लागलो, नेलेलं पुस्तक घरी पडून राहिलं. काका एकदाच आले. बातम्या चालू असताना हात वर करून म्हणाले, "थांब बे, हे मले पटलं नाही." रेडिओ काही थांबला नाही. काका अपमान झाल्यासारखे उठून गेले.

ऐन फाल्गुनात एकदा रेडिओनं पाऊस सांगितला. गावानं वाळत घातलेल्या मिरच्या उचलल्या. काकांनी आभाळ पाहिलं, वारा पाहिला आणि "येत नाही" म्हणून मिरच्या तशाच ठेवल्या. पाऊस चांगला तासभर पडला. काकू रडायच्या बाकी होत्या, आम्ही सगळे हसत होतो. ओल्या मिरच्या चाळत काका म्हणाले, "भिजल्या, पण माह्या डोक्यानं भिजल्या. तुमच्या कोनाच्या डोक्यानं वाचल्या, थे सांगा." मी तेव्हा हसलो, ते आजही खुपतं.

नोकरीसाठी मी गाव सोडताना काकांनी पुस्तकाचं विचारलं. "वेळच मिळाला नाही, काका." "हाव, मत बनवाले वेळ लागते. उसनं घ्याले नाही लागत," म्हणाले, आणि प्रवासासाठी दोन केळी दिली.

पुस्तक ट्रंकेत सापडलं. चार दिवसांत वाचलं, आणि पंचाईत अशी की सारंच पटलं. तसाच डोणगावला गेलो. वही कपाटावरच होती. त्यात शेवटचं नाव माझं, पुढची जागा कोरी. माझ्यानंतर पुस्तक न्यायला कुणी आलंच नव्हतं... पुतण्यानं पेन पुढं केला. "सारंच पटलं" लिहायची हिंमत होईना. बराच वेळ बसून शेवटी लिहिलं, "काका, त्या दिवशी मिरच्या उचलायला पाहिजे होत्या."

पुतण्यानं ते दोनदा वाचलं, कपाट उघडलं आणि दुसरं पुस्तक माझ्या हातात ठेवलं.