बायकोच्या गोष्टीतला नायक

मुलगी शिकायला नाशिकला गेली आणि घर एकदम मोकळं झालं. मी चाकणच्या कंपनीत, क्वालिटीत. माझ्या शिफ्टा सांभाळून उरलेल्या वेळात बायकोनं करायचं काय? पिंपळे गुरवला आमच्या घराजवळच्या वाचनालयात रविवारी बायकांचा लेखनवर्ग निघाला, तिथं तिनं नाव घातलं. मला बरंच वाटलं. सुरुवातीला ती मेथी निवडता निवडता वर्गातल्या गमती सांगायची. मग सांगणं कमी झालं आणि लिहिणं सुरू झालं.

"कुणाची गोष्ट आहे?" मी विचारलं.

"एका माणसाची."

"म्हणजे हिरो आहे तर."

"हिरो नाही हो. नायक."

मला हसू आलं. आमच्या लाइनवर हिरो हा शब्द शिवीच्या शेजारी राहतो. कुणी उशिरा आला की "या हिरो", कुणी सेफ्टी शूज न घालता आत घुसला की "हिरोगिरी बंद कर भावा". आणि नायक म्हटलं की मला शाळेतला मराठीचा पेपर आठवतो. कथेच्या नायकाचे स्वभावचित्र रेखाटा. मी दरवेळी 'नायक शूर व दयाळू आहे' असं लिहून मोकळा व्हायचो.

"नायक म्हणजे नेणारा," ती म्हणाली. "तो शूर नसला तरी चालतो, देखणा तर नकोच. तो जाईल तिकडं गोष्टीला जावं लागतं, एवढंच."

"आणि लिहिणाऱ्याला?"

"लिहिणाऱ्यालाही," असं म्हणून तिनं पुन्हा कागदात डोकं घातलं.

तेव्हापासून मला तो माणूस खुपायला लागला.

त्याला नाव नव्हतं. ती नुसतं 'तो' म्हणायची. "आज तो काही केल्या हलेना." "त्याला पहाटे जाग येते, गजर लागत नाही." एकदा जेवताना तिचा घास हातातच थांबला आणि ती म्हणाली, "तो आधी भात खाईल, मग पोळी." माझ्या ताटातली पोळी कधीच संपली होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. एकदा पिंपरी मार्केटमध्ये एका दुकानाबाहेर टांगलेल्या निळ्या चौकड्यांच्या शर्टापाशी ती उभी राहिली. बाही हातात घेऊन बघत राहिली. माझ्यासाठी बघतेय असं वाटून मी साइज सांगितला.

"तुमच्यासाठी नाही हो," ती म्हणाली. "त्याला शोभेल."

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला मी हे सांगितलं. तो आमच्याच विभागातला, बीडकडचा, मनातलं बोलता येईल असा.

"राव, कागदावरच्या माणसावर जळताय?"

"खरा असता तर समोर जाऊन दोन शब्द बोललो असतो. याला कुठं गाठू?"

तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "अहो, पण वहिनींनी तुमच्यावरच लिहिलं असेल तर?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी वाटेत उतरून तोच शर्ट घेतला आणि घालून घरी गेलो. तिनं दार उघडलं, बघितलं, म्हणाली, "छान आहे. पोटावर ओढतोय जरा."

वर्ग संपताना वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी आपापल्या गोष्टी वाचायच्या होत्या. मी तोच शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलो. हिचा नंबर आला. तिचा नायक होता शहर बसचा ड्रायव्हर. बायको वारलेली, नोकरीत वरच्या साहेबानं चारचौघांत अपमान केलेला. पन्नाशीत तो महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकतो. पहाटे लहान पोरांच्या रांगेत कुडकुडत उभा राहतो आणि काठाचा दांडा काही सुटत नाही.

मी त्याच्यात स्वतःला शोधत होतो. तो कमी बोलायचा, मी फार बोलतो. त्याला जुनी गाणी पाठ, मला एक ओळ धड येत नाही. मग गोष्टीत त्याचा शेजारी आला. घराला कुलूप लावायचं, दोन मजले उतरायचं आणि गॅस बंद केलाय का बघायला परत वर चढायचं, अशी त्याची रोजची सवय. हॉल खळखळून हसला. माझे कान तापले. तो मी होतो.

शेवटी ड्रायव्हरच्या हातून दांडा सुटला आणि तो तरंगला. मागे कुणीतरी नाक ओढलं. मीही त्या शर्टाच्या बाहीनं डोळे टिपले आणि त्याचाच मला जास्त राग आला. या माणसासाठी मी का म्हणून रडायचं?

आम्ही चालत घरी निघालो.

"मी शेजारी?"

"ओळखलंत होय?"

"मला नायक का नाही केलंस?"

ती म्हणाली, "नायकाला छळावं लागतं हो. त्याशिवाय गोष्ट उठत नाही. आधी तुम्हालाच घेतलं होतं. पहिल्याच पानावर तुम्हाला ताप आणला आणि मला पुढं लिहवेना. मग तुम्हाला शेजारी केलं. शेजाऱ्याला काही होत नाही."

"म्हणजे नायक मी असतो तर तू वारली असतीस?"

"हो ना. तेही नको वाटलं."

रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला, तो पलीकडं गेल्यावरही सोडला नाही.

गोष्ट पुढं एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. मित्रानं बसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. माझं म्हणाल तर जळणं पार गेलं असं नाही. हल्ली तिनं दुसरी गोष्ट घेतली आहे. या वेळी नायिका आहे, तळवड्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी. बाई आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो होतो. पण काल मी शिफ्टहून आलो तेव्हा ओटा रिकामा होता आणि ही खिडकीशी बसून त्या बाईशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. मी चहा टाकला, दोन कपांत ओतला आणि एक तिच्यापुढं ठेवून तिथंच बसून राहिलो.