ठिपका नसलेली विहीर

९ डिसेंबर, मंगळवार. आज माझ्या मैत्रिणीचा, वंदनाचा तक्ता नकाशावर चढवायला बसले. उरणजवळच्या तिच्या माहेरच्या गावात विहिरींचं पाणी खारं होत चाललंय. कुठली विहीर किती खारी, हे ती कित्येक वर्षं मोजत होती. गावाच्या पाणी समितीला तिने नकाशा कबूल केला होता, आणि गेल्या महिन्यात, ती शिकवायची त्या कॉलेजच्या जिन्यातच ती गेली. खारघरहून तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ती निवडून संपवली, मग निघाले. दुसरं काही सुचलंच नाही...

काम तसं साधं. तक्त्यात एका विहिरीची एक ओळ : मालकाचं नाव, खारेपणाचे आकडे आणि शेवटी अक्षांश-रेखांश. त्या शेवटच्या दोन रकान्यांवरून संगणक प्रत्येक ओळीचा ठिपका करतो आणि ठिपक्यांच्या मधल्या जमिनीखाली पाणी किती खारं असेल याचा अंदाज बांधतो. जागाच भरलेली नसेल, तर ती ओळ तो मुकाट्याने सोडून देतो. आमच्या ऑफिसात एकाने अशा रिकाम्या जागी शून्यं भरली होती. विहिरी थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात जाऊन पडल्या. "वा! तिथलं पाणी मोजायलाही नको, खारंच निघणार," वंदना तेव्हा म्हणाली होती. पॉलिटेक्निकपासून तिची जीभ अशीच.

आज एक ओळ गळली. कुठली, ते मला ठाऊक होतं. तिच्या भावाच्या, जगदीशच्या विहिरीची. त्याने तिला न विचारता शेतात भराव टाकून जमीन कंटेनर यार्डला दिली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तरी दर हंगामाला तो बाटलीभर पाणी समितीकडून पाठवायचा, ती मोजायची, आकडा लिहायची. जागेचे रकाने मात्र कोरे.

"अगं, मोबाईलवर त्याचं घर दिसतंय. तिथून उचल ना," मी एकदा म्हटलं.

"तिथे उभं राहून घ्यायची असते जागा. घरबसल्या नाही."

"मग जा की!"

"जाईन गं. पुढच्या वेळी."

तिच्यापुरता हा विषय तिथेच संपायचा. मीही ताणलं नाही, माणसाला आपला वेळ लागतो म्हणून. वेळ आहे असं आम्ही दोघीही धरून चाललो होतो.

दुपारी ठिपके उमटल्यावर मी त्याखाली उपग्रहाचं चित्र लावलं. तक्त्यात जगदीश आणि त्याचा शेजारी यांच्या ओळी एकमेकींपासून लांब होत्या. चित्रात शेजाऱ्याच्या विहिरीवरचा वंदनाचा ठिपका जगदीशच्या कुंपणाच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेला दिसला. म्हणजे दर हंगामाला ती तिथवर जात होती. मधे फक्त ती भिंत... मी पडद्यावर टिचकी मारून त्याची विहीर भरू शकले असते. संगणक बंद केला.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी उरणला गेले. जगदीशने फाटक उघडलं, चहाचं विचारलं. मी आधी काम म्हटलं आणि विहिरीच्या कठड्याशी फोन धरून उभी राहिले. जागा पक्की व्हायला थोडा वेळ लागतो.

"ती याच भिंतीपल्याड यायची ना?" मी विचारलं.

"हां. ती आली का मी पान्याची मोटार बंद करायचो."

"का?"

"तिचा आवाज आयकाला मिलं, म्हनून." त्याने भिंतीकडे पाहिलं. "हाक मारीन, मारीन म्हनत रायलो, ताई."

फोनवरचा ठिपका सरकायचा थांबला, तेव्हा दोन्ही आकडे टिपून घेतले.