गाडी घासली तर घासू दे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकर कुणी बांधला ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही, कारण ते गृहस्थ अजून चेअरमन आहेत. पोरं मोटारसायकली दामटतात म्हणून त्यांनी रंगकामाच्या वेळी उरलेलं सिमेंट आणि खडी ओतून तो करून घेतला. पोरं त्याच्या कडेने, गटाराच्या झाकणावरून, पूर्वीसारखीच सुसाट जात राहिली. अडकायची ती आमची छोटी गाडी.

ती आमची पहिली गाडी. आमची म्हणजे माझ्या माहेरची आणि सासरची, दोन्ही घरांतली पहिली. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकऱ्या आल्या आणि मागोमाग बँकवाले आपणहून फोन करून 'कर्ज घ्या' म्हणायला लागले, तो काळ. मी हिंजवडीला एका कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्या गळी उतरवायच्या, असं ते काम. माझ्या स्वभावाला मानवणारं. गाडीही मीच चालवायचे. नवऱ्याला येत होती, पण गर्दीत तो घामाघूम व्हायचा, म्हणून तो शेजारी बसून सूचना करायचा.

मागे आई आणि आमच्या दोन मुली. पाच माणसं बसली की गाडी खाली बसायची आणि ब्रेकरवर तिचं पोट घासायचं. मग सगळं पुणं करायचं तेच आम्हीही करायचो. मोठा ब्रेकर आला की गाडी थांबवायची, माणसांनी उतरायचं, हलकी झालेली गाडी पलीकडे न्यायची आणि पुन्हा बसायचं. लग्नाला निघालेल्या पैठणीतल्या बायकासुद्धा अशा उतरून चालताना मी पाहिल्या आहेत. त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे.

आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. 'लेकीकडे राहता?' असं कुणी विचारलं की ती 'हो, तुमची काही हरकत?' असं विचारायची, आणि बहुतेकांची हरकत तिथेच संपायची. त्या वर्षी तिच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, गाडीतून हिंडायला हरकत नाही, फक्त धक्का बसता कामा नये. पुण्यात राहून हे कसं जमवायचं त्याचं औषध मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

एका रविवारी आम्ही मंडईतून परत आलो. सोसायटीच्या दारात मी गाडी थांबवली. मुली सवयीने उतरल्या. आईला एरवी आम्ही बसूनच ठेवत असू, पण आता धक्का चालणार नव्हता. नवराही उतरला आणि मागचं दार धरून अदबीने म्हणाला, "आई, जरा उतरता का? ब्रेकर आहे."

"नाही."

त्याला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "दोनच पावलं आहेत. मी हात धरतो."

"ऐकू आलं मला. मी उतरणार नाही."

एवढं बोलून ती समोर बघत बसली. मी गाडी तशीच वर घातली, खालून खर्रर्र आवाज आला, आणि मागचं चाक उतरताना आईच्या कण्हण्याचा बारीकसा आवाज आला. चेअरमन दारातच पेपर वाचत उभे होते. "काकूंना तेवढंच चालणं झालं असतं," ते म्हणाले. आईने काच खाली केली. "तुम्ही हा ब्रेकर काढा, मी रोज तुमच्या दारापर्यंत चालत येईन, आभार मानायला."

संध्याकाळी ती मेथी निवडत होती तेव्हा मी विचारलं, दुखत असताना हा हट्ट कशासाठी. उतरली असती तर धक्का तरी चुकला असता. तिने मेथीवरची नजर काढली नाही.

"मी लहान होते, छप्पन सालाच्या आधीची गोष्ट. आपण बौद्ध झालो नव्हतो तेव्हाची. तुझ्या आजीला ताप भरला होता, म्हणून दादांनी, तुझ्या आजोबांनी, कुणाची तरी बैलगाडी मागून आणली, लोणीच्या डॉक्टरकडे न्यायला. रस्ता चावडीवरून. चावडी आली की आपल्या माणसांनी गाडीतून उतरायचं आणि तिच्यापुढून चालत जायचं, अशी रीत होती. दादा म्हणाले, बाई तापानं फणफणलीय. ओट्यावरचा एक जण म्हणाला, 'मग हळू चाल म्हणावं.'"

"मग?"

"मग काय. उतरली. माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. चावडी मागे पडल्यावर तिला परत चढता येईना. दादांनी उचलून ठेवली." तिने काड्या बाजूला सारल्या. "वाचली ती. पण मी तेव्हाच ठरवलं, एकदा बसले की कुणी सांगितलं म्हणून उतरायचं नाही."

"आणि बसमधून?"

"स्टॉप आला की उतरते. मला अक्कल आहे."

मी हसले, पण आतून माझा संताप संताप झाला होता. ज्याने 'हळू चाल म्हणावं' म्हटलं तो केव्हाच मेला असणार, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही याचाही मला राग आला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो "मला आधी का नाही सांगितलंत," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने आईला उतरा म्हणून कधी म्हटलं नाही.

त्याच सुमारास मामेभावाचा फोन आला. आईच्या माहेरच्या वस्तीत नवा विहार बांधून झाला होता, वैशाखातल्या पौर्णिमेला उद्घाटन होतं, आणि ते आईच्या हस्ते व्हावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. वस्तीतली पहिली शिकलेली बाई तीच. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या पुढे जाऊन आत वळायचं. लग्नानंतर आई जेव्हा जेव्हा माहेरी गेली तेव्हा एसटीतून उतरून मागच्या बाजूने, कालव्याच्या कडेने चालत गेली होती. चावडीचा रस्ता तिने टाकलाच होता.

"येते," ती फोनवर म्हणाली. "चावडीवरून येते. गाडीतून."

"आत्या, चावडीवरनं नका येऊ. तिथं लई मोठा ब्रेकर केलाय, गाड्या अडकत्यात. समदेच उतरून जात्यात."

"सगळे?"

"व्हय, पाटलाचं पाव्हणंसुदिक."

"चांगलं आहे. मी उतरणार नाही."

आता काय करायचं ते मला कळलं. गाडी अशी करायची की आई तिच्यात बसून चावडीवरून जाईल आणि तिचा मणका जागेवर राहील. नवरा म्हणाला, दोन वर्षं थांब, मोठी गाडी घेऊ. मी म्हटलं, मणका दोन वर्षं थांबायला तयार आहे का ते विचारून ये.

कर्वे रस्त्याच्या बाजूला आमचं नेहमीचं गॅरेज होतं. मेकॅनिकने माझं अर्धंच ऐकलं आणि म्हणाला, "स्प्रिंगमध्ये रबर टाकू मॅडम. सगळे तेच टाकतात. गाडी उचलून येते, खाली काही लागत नाही." टाकलं. गाडी खरंच उंच झाली. सोसायटीचा ब्रेकर न घासता पार झाला तेव्हा नवऱ्याने चेअरमनना हात केला. पण मी चालवायला त्याला बसवून स्वतः मागे, आईच्या जागेवर बसले होते. वाटेतला प्रत्येक खड्डा माझ्या माकडहाडाने मोजला. रबराने स्प्रिंग दबायचीच बंद झाली होती. गाडीचं पोट वाचलं आणि धक्का सगळा माणसाच्या वाट्याला आला. बैलगाडीत तरी खाली कडबा असतो.

"काढा ते," मी मेकॅनिकला म्हटलं.

"चालवताना कशी वाटते ते सांगा ना."

"मी चालवणाऱ्यासाठी आलेच नाही. मागे बसणारीसाठी आलेय."

"एकदा साहेबांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो."

"साहेबही हेच बोलतील. काय बोलायचं ते मीच त्यांना सांगणार आहे."

ऑफिसात तर सल्ल्यांना ऊत आला. "शॉक्स स्टिफ टाक, टायर लो प्रोफाइल टाक, रोडला चिकटून पळेल एकदम," असं आमच्या टीममधली पोरं सांगायची. गाडीने रस्त्याला चिकटावं असं मला वाटतच नव्हतं. रस्त्याची आणि आईची जितकी कमी ओळख होईल तितकी बरी. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "नक्की काय हवंय?"

"गाडी मऊ करायचीय."

"मग इथे कशाला आलात? गादीवाला पलीकडच्या गल्लीत आहे."

त्याला मी तिथेच उभं राहून सगळं विचारलं. उत्तरं तिरकस मिळाली, पण मिळाली. जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर वाचलं, आणि घरी येऊन पुन्हा मागच्या सीटवर बसले. हळूहळू उलगडा झाला. धक्का पोटात घेते ती स्प्रिंग, तिला मोकळं सोडायचं. मग ती नाचत राहू नये म्हणून शॉकअब्सॉर्बर, तो नवा, पण मऊपैकी. जोडांमधली जुनी रबरं वाळून दगड झाली होती, ती बदलायची. टायर एक माप जाड. आणि हवा पुस्तकात लिहिलीय तेवढीच, कारण पंपावरची पोरं आपल्या मनाने ठासून भरतात.

मेकॅनिकने हे ऐकून हातातला पाना खाली ठेवला. "मॅडम, अशी केली की पाच माणसांत ही बसणार. जाड टायरने थोडी उचलेल, पण मोठ्या ब्रेकरवर घासणारच."

"घासू दे."

"गाडी खराब करायला पैसे देताय?"

"गाडीला मणका नाही. एवढीच काळजी असेल तर इंजिनखाली जाड पत्रा ठोका."

पत्रा ठोकला. पहिल्या फेरीला नवरा चालवायला आणि मी मागे. नारायण पेठेतल्या वर आलेल्या गटारांच्या झाकणांवरून आणि खोदून बुजवलेल्या चरांवरून मी त्याला मुद्दाम फिरवला. त्याचा शर्ट ओला झाला, पण मला पाठीत काही जाणवलं नाही. दुसऱ्या फेरीला आईला बसवलं. त्याच पेठेतून फिरवून आणलं. घरापाशी आल्यावर म्हणाली, "चालेल." मुलांना मार्क देण्यात आई फार कंजूष होती. चालेल म्हणजे पैकीच्या पैकी.

पौर्णिमेला आम्ही सकाळीच निघालो. आई पांढरी साडी नेसली होती आणि कमरेचा पट्टा तिने साडीच्या आतून बांधला होता. शहर मागे पडेपर्यंत मुलींची बडबड चालू होती. हायवेवरून आत वळलो तसा आईने चष्मा पुसला आणि सरळ बसली.

चावडी अगदी साधी होती. पत्र्याचं छप्पर, रंग दिलेला ओटा, त्यावर पेपर वाचणारे तीन-चार म्हातारे आणि मोबाइल बघणारी पोरं. समोर ब्रेकर, आणि तो सोसायटीच्या ब्रेकरचा थोरला भाऊ शोभावा असा. मी गाडी थांबवली. ओट्यावरचा एक तरुण उठून आला. चांगला मुलगा होता, त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं.

"मावशी, उतरा जरा, गाडी घासंल. मी हात धरतो, या."

मी आरशात पाहिलं. आई त्याच्याकडे बघून हसली आणि तिने मान हलवली. आमचं आधी ठरलं होतं की नवरा आणि मुली उतरतील, म्हणजे तेवढी गाडी हलकी होईल. नवऱ्याचा हात दाराकडे गेला.

"बसा," आई म्हणाली. "आज कुणी उतरायचं नाही."

त्याने हात मागे घेतला. पहिल्या गिअरमध्ये, जरा तिरकी घेऊन, मी गाडी वर घातली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडीचं पोट ब्रेकरवर टेकलं. पत्रा सिमेंटवरून खरडत गेला तो आवाज ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकला. एका म्हाताऱ्याने पेपर खाली केला. मागची चाकं चढून पलीकडे उतरली तेव्हा मी कान देऊन ऐकत होते, पण मागून काहीच आलं नाही. आरशात आई तशीच ताठ बसली होती. दारावरची आधाराची कडीसुद्धा तिने धरली नव्हती.

"घासली की ओ ताई," तो मुलगा खिडकीशी चालत येत म्हणाला.

"घासू दे," मी म्हटलं.

विहारापाशी आई स्वतः दार उघडून उतरली. वस्तीतल्या बायका पुढे आल्या, कुणी पाया पडलं, कुणी रडलं. फीत कापली, वंदना झाली, जेवणं झाली. आईने भाषण केलं नाही. "मुलींना शाळेत पाठवा आणि पाठवत राहा," एवढंच सांगून बसली.

संध्याकाळी नवऱ्याने वाकून गाडीखाली पाहिलं. पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे ओरखडे होते. आई काठी टेकत जवळ आली.

"कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"जागेवर आहे. गाडी?"

"खरवडलीय."

मामेभाऊ म्हणाला, "आत्या, आता तरी कालव्याच्या रस्त्यानं जावा. आता तो पक्का केलाय, झटक्यात हायवेला लागाल."

आई मागच्या सीटवर बसली, पदर सारखा केला आणि तिने दार ओढून घेतलं. "नको. जाताना पण चावडीवरूनच." मग माझ्या खांद्यावर मागून हात ठेवून म्हणाली, "आणि ब्रेकरवर हळू घे. नीट ऐकू जाऊ दे सगळ्यांना."