जोगचं पाणी

आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हा आईने माझ्याकडे आपलं आधार कार्ड मागितलं. ते माझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या डब्याखाली पडून असायचं. कार्ड घेऊन ती निंबर्ग्याहून आळंदला गेली, आळंदहून गुलबर्ग्याला गेली, तिथल्या स्टँडवर बसून चटणी-भाकरी खाल्ली आणि दिवे लागायच्या आत परत आली. काम काही नव्हतं. कामून गेलतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, खरंच पैसे घेत नाहीत का, ते बघून आले.

दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तिने जाहीर केलं की ती आणि मावशी जोगचा धबधबा बघायला जाणार.

जोगचं खूळ जुनं होतं. आजोबांना खताच्या दुकानातून एक कॅलेंडर मिळालं होतं, त्यावर तो धबधबा होता. वर्ष सरल्यावर आजोबांनी तारखा कापून चित्र तेवढं भिंतीला खळीने चिकटवलं आणि दोन्ही पोरींना सांगितलं, एकदा तुम्हाला इथं नेतो. नेलं नाही. कुठून नेणार? आमच्याकडे उन्हाळ्यात घागरीसाठी रांग लागते, आणि चित्रात एवढं पाणी नुसतं खाली पडत होतं, कुणी भरून घेत नव्हतं. आई सांगायची, लहानपणी ते बघून त्या दोघींचा जीव हळहळायचा.

आजोबांना मुलगा नव्हता. थोरल्या लेकीला, म्हणजे माझ्या मावशीला, त्यांनी सीमेपलीकडं अक्कलकोटच्या बाजूला दिलं, आणि धाकटीला, म्हणजे आईला, घरजावई बघून घरातच ठेवलं. त्यामुळे आमचं घर हेच मावशीचं माहेर. मावशीला लेकरू झालं नाही. नवरा गेल्यावर ती सासरी पुतण्यांच्या घरात एका खोलीत राहायची. सासरी तिला सारा जन्म 'कानडी' म्हणाले आणि इकडं आली की आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, आली का महाराष्ट्राची!

आईचा बेत ऐकण्यासारखा होता. साध्या लाल गाड्यांनीच जायचं, कारण फुकट तेवढ्याच. गुलबर्गा, हुबळी, शिरशी आणि मग जोग. हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्या कंडक्टरांना विचारून पाठ केलं होतं. रात्र स्टँडवर काढायची, बायका झोपलेल्या असतील त्यांच्यात. खायला ज्वारीच्या कडक भाकरी, महिनाभर टिकतात, त्यावर शेंगाचटणी. चहा एक घ्यायचा आणि दोघींत प्यायचा. मी म्हटलं, धबधबा बघायला आत जाताना पैसे घेत असतील, त्याचं काय? तर आई म्हणाली, एवढा मोठा हाय, भायेरून दिसत असंल की. मी हसून बेजार झाले.

अडलं ते मावशीपाशी. तिचं कार्ड महाराष्ट्राचं, तिला इकडं तिकीट पडणार. मावशी म्हणाली, माझ्यापायी खर्च नको, तू जाऊन ये. आई म्हणाली, तुझ्याबिगर मी काय बघू? मग कुणीतरी बुद्धी सांगितली, की अक्काच्या, म्हणजे मावशीच्या, कार्डावरचा पत्ता बदलून इथला घाला. मी म्हटलं, एका सहलीसाठी असले उपद्व्याप करू नका, निस्तरताना नाकी नऊ येतील. पण दोघी बहिणी एकत्र आल्या की माझं ऐकतंय कोण. आळंदला जाऊन त्यांनी पत्ता बदलून घेतला. नवं कार्ड आलं तेव्हा मावशीने मला तो पत्ता तीनदा वाचायला लावला. घर नंबर, निंबर्गा, तालुका आळंद. लग्नात पुसलं गेलेलं गाव तिच्या नावाखाली परत आलं होतं. तिने ते कार्ड रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवलं, आणि त्या दिवशी ती किती बोलली, सांगायची सोय नाही.

पुढच्या आषाढात मावशी सहलीसाठी आमच्याकडे आली. बरोबर भलंमोठं गाठोडं. मी चिडवलं, धबधबा बघायला निघालीस का संसार मांडायला? ती म्हणाली, डोंगराकडं गारठा असतो म्हणे, वाकळ घेतलीय.

दोघींनी दिवसभर चुलीपुढं बसून भाकरी केल्या, उन्हात खडखडीत केल्या, धडप्यात बांधल्या. निघायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "टीव्हीवर सांगायलेत, वर धरण हाय म्हणं तिथं. पाणी कमी हाय. जरा थांबू." आठवड्याने आईने पुन्हा विचारलं, तर मावशीचा गुडघा धरला होता. मग श्रावणी सोमवार आडवे आले. मग गौरी. भाकरी आमटीत कुस्करून संपल्या, पुन्हा केल्या, पुन्हा संपल्या. आईचं डोकं फिरायला लागलं. रात्री माझ्याजवळ येऊन पुटपुटायची, हिच्या मनात जायचं हाय का न्हाई कोण जाणे. गल्लीतल्या बाया तर दिसेल तिथं विचारायच्या, काय, जोगवाल्या अजून इथंच?

नवरात्राआधी आम्ही दसरा काढायला घेतला. घर झाडायचं, वाकळा-गोधड्या धुवायच्या. मावशी धुणं घेऊन ओढ्याला गेली होती. कोपऱ्यातलं तिचं गाठोडं मी सरकवायला गेले तर सरकेना, आणि आत लोखंड वाजलं. सोडू नये कुणाचं गाठोडं, पण मी सोडलं. वर वाकळ होती खरी. खाली तिचा खलबत्ता, देवपूजेतली घंटी, देवाचे मुखवटे, नवऱ्याचा काच तडकलेला फोटो, आणि दिवाळीला नेसायचं एकुलतं एक इरकल लुगडं. आई दारात येऊन उभी राहिली. जोगला जाताना खलबत्ता कोण नेतं?

मी मावशीच्या पुतण्याला फोन लावला. तो वाईट बोलला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, काकूला तिकडच्या सरकारकडून निराधारचे महिन्याला पैसे मिळायचे, कार्ड कर्नाटकचं झाल्यावर ते बंद पडले. रेशनवरचं नावही गेलं. आमचंच पोट भरंना, त्यात खोली पोराच्या लग्नाला पाहिजे होती. तिचं कार्डच तुमच्याकडचं हाय, आता तुम्हीच बघा.

आई खाली बसली. एवढंच म्हणाली, "मीच केलं की गं हे. तिकिटापायी." मला तर असा संताप आला, वाटलं आत्ता जाऊन पुतण्यांच्या दारात उभं राहावं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलावं. निदान मावशीला तरी सांगू, की आम्हाला कळलंय, आता राहा इथंच. मी स्वतः नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा उंबऱ्यावरच ओरडून सांगितलं होतं, मी परत जायची नाही, कुणाला काय बोलायचं ते बोला. माझ्या डोक्यात तेवढीच रीत.

आईने माझा हात धरला. "तू बोलून मोकळी होतीस. तिला बोलता येत न्हाई. माहेरी ऱ्हायला तिला कारण लागतंय, तर असू दे."

तिने सगळं होतं तसं आत ठेवलं, वर वाकळ घातली, आणि मावशी मारायची तशीच गाठ मारली. मावशी ओलेती, धुण्याचं ओझं घेऊन आली, तेव्हा आई भिंती झाडत होती. पाठमोरीच बोलली, "अक्का, कंडक्टर भेटला होता. जोगला पाणी कमी हाय म्हणतोय. औंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या साली जाऊ."

त्या वर्षी तिकडं पूर आला होता. मावशी बराच वेळ आईच्या पाठीकडं बघत राहिली. मग गाठोड्याकडं बघितलं. म्हणाली, "व्हय. कमीच असंल."

त्यानंतर आमच्या घरात त्या सहलीची तयारी कधी थांबली नाही. आई गाड्यांच्या वेळा विचारून यायची आणि मावशीला सांगायची. दोघी मिळून कडक भाकरी करायच्या, आणि निघायचा दिवस आला की दोघींपैकी एकजण पाणी कमी असल्याचं काढायची. गल्लीने विचारलं तर आई ठसक्यात सांगायची, हिला जोगला न्यायची हाय म्हणून ठेवून घेतलीय. एक दिवस मी सकाळी उठले तर मावशी आपल्या खलबत्त्यात लसूण ठेचत बसली होती. आमच्या खलबत्त्याशेजारी तिने आपला मांडला होता. मी त्या दिवशी चहात साखर घालायची विसरले, आणि दोघींनी तो तसाच पिऊन टाकला.

मावशी दोन पावसाळे आमच्याकडं राहिली. गेल्या पौषात छातीत कफ धरला आणि ती बिछान्यालाच खिळली. दवाखाना केला, उतार पडेना. शेवटी शेवटी तिने आईला जवळ बसवून घेतलं, तिचा हात कुरवाळत म्हणाली, "आता पाणी आलं असंल. तू जाऊन ये." आई म्हणाली, आधी तू बरी हो. मावशी हसली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि आईलाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे.

ती गेल्यावर निरोप द्यावा लागला. पुतणे टेम्पो घेऊन आले. बाईमाणसाची माती सासरी झाली पाहिजे, म्हणाले, चार लोक काय म्हणतील? जिवंतपणी खोली नव्हती, आता मसणात जागा होती. मी तोंड उघडणार होते. पण आई उठली, मावशीच्या पोलक्यातून तो रुमाल काढला आणि कार्ड थोरल्या पुतण्याच्या हातात दिलं. बाई कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलली नाही, त्या दिवशीही बोलली नाही.

"वाच. पत्ता कुठला हाय?"

त्याने वाचलं, आणि कार्ड परत दिलं. मावशीला आम्ही निंबर्ग्यातच पोचवलं.

यंदाही पाऊस भरपूर झाला. मी आईला म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर, मलाही तिकीट लागत नाही. ती ज्वारी निवडत राहिली. मी फोनवर जोगचा व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला. चारी धारा एक होऊन कोसळत होत्या, धुरळ्यासारखं पाणी उडत होतं, फोनमधून नुसता घोंगावणारा आवाज येत होता. आईने पदराने डोळे पुसून नीट बघितलं, शेवटपर्यंत बघितलं.

"कमी हाय," म्हणाली, आणि भाकरी थापायला उठून गेली.