चार साक्षीदार

पिपरी मेघेत आमच्या गल्लीत येणाऱ्या बांगडीवालीचं नाव मला माहीत नाही. सगळ्या तिला चाची म्हणतात. बांगडी चढवताना ती बोटांची हाडं अशी दाबते की हात आपला राहत नाही. बोलताना मात्र मान वर करत नाही.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "चाची, तुमच्यात म्हणे लफडं केलेल्या बाईले दगडं मारते?"

"कुराणात शंभर फटके हायेत, बाई. दगडाचं पैगंबराच्या हदीसमधी येते. पन चार गवाह लागते, डोयानं पाह्यलेले. नसन तं बोलणाऱ्यालेच ऐंशी फटके." तिने एक बांगडी सरकवली. "माह्या पोरीले याच नावाखाली नवऱ्यानं हाकललं. गवाह एकबी नोता. आता तिले संगं आणीन धंद्यावर."

काकूंनी त्या मुलीला कधी पाहिलेलंही नव्हतं. भरलेला हात उजेडात फिरवत त्या म्हणाल्या, "इथं नोको आणजो तिले. आमच्या घरी बाप्यामाणसं राह्यते."

चाचीने माझा हात ओढून घेतला.

"मूठ सोड, बेटा," ती म्हणाली, "नाई तं बांगडी फुटन."