काकूंनी केलेलं कुलूप

चावीकाकांच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. जिन्याखालची जागा ती. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून काका तीस वर्षं बसूनच आहेत. पण रुबाब असा, की किल्ली हरवलेला वकील असो नाहीतर डॉक्टर, त्यांच्यापुढे वाकूनच उभा राहायचा. जिन्यामुळे वाकावं लागायचं, ते सोडा. ‘उघडत नाही’ हे शब्द त्या जिन्याखाली फक्त गिऱ्हाइकांनी उच्चारलेले. काकांनी एकदाही नाही.

अशा माणसाने पैसे कशात घालावेत? तर चेहरा बघून दार उघडणारी यंत्रं करणाऱ्या कंपनीत. उद्या जगात किल्लीच राहणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारी कंपनी ती. काकांचं म्हणणं सरळ होतं: आपल्या पोटावर पाय येणारच असेल, तर त्या पायात आपलाही थोडा वाटा असावा.

पैसे मात्र काकूंचे होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन मांडून बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यातून साठवलेले. काकूंना रस्त्यावर, काचेचं दार असलेलं, स्वतःचं शिवणाचं दुकान हवं होतं. जन्मात दुसरं काही मागितलं नाही त्या बाईने. शेअर घ्यायचे, पाच वर्षं हात लावायचा नाही आणि मग दुकान, असं दोघांचं ठरलं. खातं काकूंच्या नावावर, त्यांच्याच फोनवर.

हात लावायचा नाही म्हणे. आयुष्यभर लोकांच्या दारांना हात लावून पोट भरलेला माणूस हा! त्यात तो शेअरही एक नंबरचा चक्रम. एकदा कंपनीच्या यंत्राने खुद्द कंपनीच्या मालकालाच आत घेतलं नाही, कारण त्याने दाढी वाढवली होती. भाव धाडकन आपटला. मालकाने दाढी केली, भाव पुन्हा चढला. काकांनी दाढी असताना विकले आणि दाढी गेल्यावर घेतले. त्यात काकूंच्या दुकानाचं काचेचं दार गेलं.

चिथावणी होती समोरच्या सलूनवाल्याची. तो सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा, आणि भाव हलला की गिऱ्हाईक अर्धवट सोडून टीव्हीपुढे जाऊन उभा राहायचा. एका गालाला साबण लावलेली माणसं आमच्या गल्लीत कुणाला नवी नव्हती. पाच वर्षं कोण थांबतं, असं तो काकांना विचारायचा. पाच वर्षांत डोक्यावरचे केससुद्धा साठ वेळा कापून होतात.

काकूंनी भांडण केलं नाही. एक लोखंडी पेटी आणली, फोन तिच्यात ठेवला आणि काकांना म्हणाल्या, कुलूप लावा. काकांनी लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली, आणि काकू भाजी आणायला गेल्या तेवढ्यात तारेने पेटी उघडून शेअर विकून टाकले. वर संध्याकाळी स्वतःच सांगितलं, की कुलूप अगदीच साधं होतं, दहा मिनिटंही लागली नाहीत. लाज वाटायची सोडून हा माणूस खूश! मग त्याहून भारी कुलूप झालं, मग त्याहून. काका दर वेळी उघडायचे, चढ्या भावाने घ्यायचे, पडत्या भावाने विकायचे आणि कौतुकाच्या अपेक्षेने काकूंकडे बघायचे. काचेच्या दारापाठोपाठ दुकानाची एक भिंत गेली, मग कपाट गेलं.

शेवटी काकू म्हणाल्या, “मला कुलूप करायला शिकवा.”

काका हरखलेच. दोन महिने त्यांनी बायकोला मन लावून शिकवलं. कानस कशी धरायची, कुलपातल्या लिव्हरच्या पट्ट्या कशा बसवायच्या, काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. मग काकूंनी दार लावून घेतलं आणि सात लिव्हरचं कुलूप एकटीने केलं. पट्ट्यांचा क्रम त्यांचा, खाचा त्यांच्या, किल्लीही त्यांनीच घासली. मापाने कापणं हा त्यांचाच तर धंदा. किल्ली दुसऱ्या गावी बहिणीकडे धाडली. फोनची बॅटरी उतरू नये म्हणून पेटीला एक भोक पाडून चार्जरची वायर तेवढी आत सोडली.

आता भाव हलला की पेटी वाजायची. टिंग. वर गेला की खाली, ते कळायचं नाही. काका जेवता जेवता उठायचे, खरकट्या हाताने रस्ता ओलांडून सलूनमधल्या टीव्हीवर भाव बघून यायचे, आणि घास तोंडात घालतात तोवर पुन्हा टिंग. माणूस वाळला. काकू पुन्हा वाढायच्या.

आणि मग व्हायचं ते झालं. त्या यंत्रांना म्हणे चष्मेवाले लोक ओळखूच येईनात. भाव तीन दिवसांत निम्म्यावर आला. पेटी थांबेचना. सलूनवाल्याने आपले विकले आणि काकांना सांगून गेला, की उद्यापर्यंत बाहेर पडा, नाहीतर दुकान कसलं, शिवायला दोराही उरणार नाही. दुकान बंद ठेवून काका पेटी मांडीवर घेऊन बसले. तिकडे किल्ली हरवलेलं एक अख्खं कुटुंब स्वतःच्याच दाराबाहेर, जिन्यात बसून होतं. त्यांना निरोप गेला, की काका कामात आहेत.

चौथ्या दिवशी दुपारी सहावी लिव्हर उठली. बातमी पसरली. सलूनवाला हातातल्या कंगव्यासकट आला, मागून एक गिऱ्हाईक गळ्यात कापड बांधलेलं तसंच आलं. सगळे दारात दाटीवाटीने उभे. कोपऱ्यात काकू मशीनवर बसलेल्या, मान खाली घालून.

काकांनी तार आणखी आत सरकवली. पट्ट्यांच्या कडा बोटांना जाणवत होत्या. इतक्या गुळगुळीत, इतक्या सारख्या, की एवढं नीट काम त्यांनी स्वतःसुद्धा कधी केलं नव्हतं. आणि या बाईने हे केलं कुणाच्या भीतीने? चोराच्या नाही. त्यांच्या. काकांना एकदम शरम वाटली. अशी, की कान तापले. तेवढ्यात सातवी उठली. टक्. आता फक्त तार फिरवायची आणि झाकण वर करायचं.

“काय काका, उघडलं का?” सलूनवाल्याने विचारलं.

काकांनी हळूच तार मागे घेतली. सातही पट्ट्या परत खाली बसल्या.

“नाही उघडत,” काका म्हणाले.

कुणी हसलंसुद्धा नाही. गळ्यात कापड बांधलेल्या गिऱ्हाइकाने तर मान खाली घातली. सलूनवाला जाता जाता म्हणाला, की होतं असं वयोमानाने, दाढी करायला या, पैसे घेणार नाही. संध्याकाळच्या आत जिन्यातल्या कुटुंबाने पुढच्या चौकातला चावीवाला बोलावला. त्याने त्यांचं दार उघडलं, आणि चावीकाकांना एक कुलूप उघडलं नाही, हे तो तिथून पुढे चार जणांना सांगत सुटला.

सगळे गेल्यावर काकू तशाच बसून राहिल्या. पेटी पुन्हा वाजली. काका जागचे हलले नाहीत.

“टक् झालं होतं,” काकू म्हणाल्या.

“तुझ्या मशीनचा आवाज असेल.”

मशीन तेव्हा बंद होतं. काकूंनी मघाशी श्वास रोखला, तेव्हाच त्यांचे पाय थांबले होते.

“असेल,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा कपडा मशीनवर घेतला.